रंग चढविण्याचा अधिकार कोणाचा?

जुने कृष्णधवल चित्रपट संगणकाच्या साहाय्याने रंगविण्याचा हव्यास आता आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचला आहे. आजी-आजोबांच्या लग्नाची छायाचित्रेसुद्धा मोबाईलवर क्षणार्धात रंगवून मिळतात आणि ‘किती जिवंत वाटतात!’ असे कौतुक होते. या कौतुकात सामील होण्यास माझा स्पष्ट नकार आहे. अशा रंगाने जुने चित्र जिवंत होत नाही. उलट त्याची साक्ष खोटी होते.

या हव्यासाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. कृष्णधवल म्हणजे दारिद्र्य, रंग म्हणजे प्रगती, असे आपण गृहीत धरून चालतो. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. मूकपटांच्या काळापासून रंग हाताशी होता. रात्रीच्या प्रसंगाची फिल्म निळ्या रंगात, दिव्याच्या उजेडाची पिवळसर रंगात बुडवीत असत. फ्रान्सच्या पाथे कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी काढलेल्या ख्रिस्तचरित्रपटात साचे कापून चौकटी-चौकटीत रंग भरले होते. पुढे १९३२ साली टेक्निकलरची तीन फिल्मींची पद्धत आली. तिच्या कॅमेऱ्यात लोलकाने प्रकाश विभागून तो एकाच वेळी तीन कृष्णधवल निगेटिव्हवर टिपला जाई आणि त्यांवरून नंतर रंग छापले जात. म्हणजे त्या झगमगाटाचा पायाही कृष्णधवलच होता!

आपल्याकडे प्रभातने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचे धाडस केले. प्रती जर्मनीत काढल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. त्याच प्रभातने १९३६ साली ‘संत तुकाराम’ कृष्णधवल काढला. तो पाहताना रंगाची उणीव कोणाला भासली? रंग सर्वत्र सुलभ झाल्यानंतरही पासोलिनी यांनी १९६४ साली संत मत्तयच्या शुभवर्तमानावरील आपला चित्रपट कृष्णधवलच ठेवला. १९९५ मध्ये, सिनेमाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी काढली, तीत त्याला मानाचे स्थान मिळाले. ही निवड दारिद्र्यातून आलेली नव्हती.

आता सेसिल डमिल यांचा ‘द किंग ऑफ किंग्ज’ (१९२७) पाहा. त्याच्या मूळ आवृत्तीत मरिया माग्दालेनेच्या विलासी मेजवानीचा आरंभीचा प्रसंग लाल व हिरव्या अशा दोन रंगांच्या टेक्निकलरमध्ये आहे. त्यानंतर प्रभूचे कार्य आणि दुःखसहन कृष्णधवल आहे. रंग परततात ते पुनरुत्थानाच्या प्रसंगी. हा क्रम अर्थपूर्ण आहे. विलासाचे रंग विझतात, क्रूसाची वाट करड्या छटांतून जाते आणि रिकाम्या कबरीपाशी नवा रंग उजळतो. उद्या कोणी मधला सारा भाग रंगवून टाकला, तर पुनरुत्थानाच्या पहाटेला वेगळे काय उरणार? प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस वेदीवर फुलांची आरास केली, तर ईस्टरच्या फुलांना कोण विचारील?

ही भीती काल्पनिक नाही. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) बहुतांशी कृष्णधवल होता. शीशमहालातील नृत्य आणि अखेरचा भाग तेवढा रंगीत होता. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर अकस्मात शीशमहाल झळाळून उठे, तेव्हा प्रेक्षकाचे भान हरपे. २००४ साली संपूर्ण चित्रपट रंगविण्यात आला आणि तो क्षण नाहीसा झाला. सगळेच रंगीत झाल्यावर शीशमहाल अनेक दालनांपैकी एक दालन होऊन बसला. के. आसिफ यांना सारा चित्रपट रंगीतच हवा होता, असे समर्थन केले जाते. तसे असेलही. परंतु रंगीत चित्रण करण्याची इच्छा वेगळी आणि कृष्णधवलासाठी केलेल्या प्रकाशयोजनेवर चार दशकांनी परक्या हाताने रंग चढविणे वेगळे. छायालेखक आर. डी. माथुर यांनी दिवे लावले ते छायाप्रकाशासाठी. रंगासाठी त्यांनी ते निराळे लावले असते.

शिवाय संगणकाला खरा रंग ठाऊक कुठे असतो? लाल लुगडे आणि हिरवे लुगडे कृष्णधवल फिल्मवर एकाच करड्या छटेचे उमटू शकते. त्या छटेवरून मूळ रंग परत काढता येत नाही. यंत्र केवळ अंदाज करते. आजीच्या लग्नातील लुगड्याचा रंग यंत्राने ठरवावयाचा आणि नातवंडांनी तीच आठवण म्हणून जपावयाची, याला आठवण म्हणावे काय?

‘ज्याच्या मालकीची फिल्म, त्याचा अधिकार,’ असे व्यापारी सांगतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात हाच वाद पेटला होता. ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) रंगविला गेला तेव्हा दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी उघड निषेध केला. त्यांच्या निधनानंतर ‘द अस्फाल्ट जंगल’ (१९५०) या त्यांच्या चित्रपटाची रंगविलेली प्रत फ्रान्समध्ये दाखविण्याचे ठरले. वारसदार न्यायालयात गेले आणि १९९१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला की, फिल्म कोणाच्याही मालकीची असो, कलाकृती अविकृत राहण्याचा निर्मात्या कलावंताचा नैतिक हक्क अबाधित आहे. विकत घेतलेल्या वस्तूची मालकी मिळते, दुसऱ्याच्या शब्दांत आपले शब्द घुसडण्याची मुभा मिळत नाही, हे आपल्यालाही पटावयास हवे.

जीर्ण फिल्म स्वच्छ करणे, तिच्यावरील ओरखडे पुसणे, फाटलेले जोडणे, हे पुण्याचे काम आहे आणि ते अवश्य व्हावे. पण जीर्णोद्धार वेगळा आणि रंगरंगोटी वेगळी. मंडळाच्या सभागृहात जुना चित्रपट दाखवावयाचा असेल, तर मूळ प्रतच मागा. मुले कुरकुरतील, पहिली दहा मिनिटे कुरकुरू द्या. घरातील जुने छायाचित्र रंगवून घेतलेच, तर मूळ प्रत फेकू नका, आणि भिंतीवर मूळचेच लावा. पूर्वजांनी आपल्या हाती जे जसे दिले, ते तसेच पुढील पिढीच्या हाती देणे एवढेच आपले काम आहे.