चौपाटी ते खाडिलकर मार्ग : वाड्यांमधली वाट

गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापासून खाडिलकर मार्गावरील केशवजी नाईक चाळीपर्यंतचे अंतर जेमतेम एक किलोमीटर भरते, आणि सावकाश चालणाऱ्यालाही ते अर्ध्या तासात सहज तोडता येते. दक्षिण मुंबईचे परिचयग्रंथ ज्या घुमटांची आणि मनोऱ्यांची वर्णने करतात ते बहुतेक कोटात, म्हणजे जुन्या इंग्रजी तटबंदीच्या परिसरात आहेत. या वाटेवर भव्य म्हणावे असे फारसे काही लागत नाही. तरीही मुंबईतील मराठी सार्वजनिक जीवन कोणत्या जागेत आकाराला आले हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याला ही छोटी वाट पुष्कळ सांगते, कारण येथील जमिनीची मांडणीच मुळात पाहण्याजोगी आहे.

वाटेचा आरंभ वाळूत होतो. १ ऑगस्ट १९२० रोजी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात टिळकांचे निधन झाले, तेव्हा नेहमीच्या स्मशानभूमीऐवजी चौपाटीवर अंत्यसंस्कार करण्याची खास परवानगी मिळवण्यात आली आणि भर पावसाळ्यात प्रचंड जनसमुदाय येथे लोटला. १९३० च्या एप्रिलमध्ये अवंतिकाबाई गोखले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी याच किनाऱ्यावर कायदा मोडून मीठ तयार केले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात, २० नोव्हेंबर १९५५ रोजी, मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा संतप्त श्रोत्यांनी येथेच उधळून लावली. या तिन्ही प्रसंगांना जमलेल्या गर्दीचा विचार करताना चौपाटीच्या पाठीशी असलेली वस्ती लक्षात घ्यावी लागते. ज्यांच्या बिऱ्हाडात दोन खोल्यांपलीकडे जागा नव्हती अशा हजारो माणसांना पायी दहा मिनिटांत गाठता येणारे हे मैदान होते, आणि त्यामुळे चौपाटी ही गिरगावच्या चाळींचे अंगणच ठरली.

या अंगणात आणि घरांत आज रेल्वे आडवी येते. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया या कंपनीची, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वसुरीची, विरारहून बॅकबेपर्यंत येणारी उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ पासून सुरू झाली, आणि किनाऱ्यालगत टाकलेल्या त्या रुळांनी गिरगाव समुद्रापासून वेगळे केले. त्याआधी या भागात गुरे चरत असत. चर्नी रोड हे स्थानकाचे नाव त्याच चराईशी जोडले जाते. स्थानकावरचा पूल ओलांडून पूर्वेला उतरले की महर्षी कर्वे मार्ग लागतो, आणि त्यापलीकडे खऱ्या अर्थाने गिरगाव सुरू होते.

येथे वाडी या शब्दाचा स्थानिक अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. मुख्य रस्त्याला एखाद्या बोळाने जोडलेली आणि आत मोकळा चौक राखून त्याच्या कडेने घरे किंवा चाळी बांधलेली जमीन म्हणजे गिरगावातील वाडी होय. केळेवाडी, फणसवाडी, आंबेवाडी, पिंपळवाडी, कांदेवाडी ही नावे ऐकताच ध्यानात येते की या जमिनी आधी बागायती होत्या आणि घरे मागाहून आली. बागेची हद्द कायम राहिली आणि तिच्या आत वस्ती वाढत गेली, त्यामुळे गिरगावचे बोळ कोटातल्या रस्त्यांसारखे सरळ आखलेले नाहीत. ते जुन्या कुंपणांच्या कडेकडेने वळतात. नगररचनेच्या दृष्टीने हा दोष मानला गेला असला, तरी प्रस्तुत लेखात त्याकडे गुण म्हणून पाहिले आहे, कारण बाहेरच्या रहदारीपासून सुटलेला जो चौक या वळणांनी आत राखला, त्याच चौकात मेळे, व्याख्याने, नाटकांच्या तालमी आणि निवडणुकीच्या सभा होऊ शकल्या.

चर्नी रोड स्थानकाजवळच्या केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह आहे. डॉ. अमृत नारायण भालेराव यांच्या पुढाकाराने १९३५ साली स्थापन झालेल्या या संस्थेने, बोलपटांमुळे मराठी रंगभूमी खचली असताना, नाट्यमहोत्सव भरवून तिला पुन्हा प्रेक्षक मिळवून दिला. केळेवाडीच्या रस्त्याला आज भालेरावांचेच नाव आहे. थोड्या अंतरावरील खटाववाडीत मौज प्रकाशन गृह होते, आणि १९३३ साली सुरू झालेले व १९८२ साली बंद पडलेले ‘सत्यकथा’ हे मासिक तेथूनच निघत असे. मराठी नवकथा आणि नवकाव्य ज्या मासिकाने घडवले, आणि १९६९ साली लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी ज्याच्या अंकाची होळी केली, त्याचा पत्ता एका वाडीचा असावा हा योगायोग नाही. छापखाना, लेखक, मुद्रितशोधक आणि वाचक एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत असल्यामुळे असे मासिक चालवणे येथे शक्य झाले.

एवढी माणसे येथे आली कशी, याचे उत्तर कापसात आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबईच्या कापसाची गरज भासली, शहरात पैसा आणि माणसे यांचा लोंढा आला, आणि १८६४ च्या गणनेत लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. युद्ध संपून सट्टेबाजार कोसळल्यानंतर, १८७२ च्या जनगणनेत ती ६,४४,४०५ वर उतरली. उतरलेला आकडाही बागांना पेलणारा नव्हता. लांब सामाईक गॅलरी, तिच्यावर उघडणाऱ्या एक-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांची रांग आणि टोकाला सार्वजनिक नळ व संडास अशी रचना असलेली चाळ हे त्यावर मालकांनी काढलेले उत्तर होते. लालबाग-परळच्या चाळींत मुख्यतः गिरणी कामगार राहिले. गिरगावात कारकून, शिक्षक, भिक्षुक आणि छापखान्यांतील खिळेजुळारी यांची वस्ती अधिक झाली.

जगन्नाथ शंकरशेठ मार्गावर आल्यावर पूर्वीच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहाची आठवण ठेवावी, कारण १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट तेथे झळकला. मात्र पाय थबकतात ते सेंट तेरेसा चर्चजवळच्या खोताच्या वाडीत. खोत म्हणजे सरकारसाठी जमिनीचा सारा वसूल करणारा अधिकारी. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाने आपल्या जमिनीचे तुकडे प्रामुख्याने ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले आणि ही वाडी वसली. ईस्ट इंडियन म्हणजे उत्तर कोकणातील मूळचे मराठीभाषक कॅथलिक. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हे नाव घेतले. लाकडी जिने, उतरती कौले, ओटे आणि रंगीत दरवाजे असलेली त्यांची घरे आता थोडीच उरली आहेत. याच वाडीत अनंताश्रम ही माशांच्या जेवणासाठी प्रसिद्ध असलेली खानावळ होती. कॅथलिक घरे आणि हिंदू खानावळ एकाच बोळात नांदली, आणि मराठी गिरगावचा विचार करताना ईस्ट इंडियनांना पाहुण्यासारखे बाजूला बसवण्याची जी सवय लेखनात दिसते, ती या वाडीत उभे राहिल्यावर टिकत नाही.

खोताच्या वाडीच्या पलीकडे खाडिलकर मार्ग आहे आणि त्यावर केशवजी नाईक चाळी. मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली येथे सुरू झाला. १९०१ साली टिळकांनी या उत्सवाला भेट दिली. मूर्ती लहान ठेवण्याची आणि मिरवणूक साधेपणाने काढण्याची रीत येथे जपली गेली आहे, आणि लालबागच्या उंच मूर्तींची सवय झालेल्या डोळ्यांनी ती मुद्दाम पाहावी.

या चाळींतील बहुतेक रहिवासी पागडी पद्धतीचे भाडेकरू आहेत. पागडी म्हणजे जागेत शिरताना मालकाला दिलेली एकरकमी रक्कम, जिच्या बदल्यात नाममात्र भाड्यावर कायमची वहिवाट मिळते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, मालकांनी डागडुजी सोडली, आणि १९६९ च्या कायद्यानुसार उपकर घेऊन अशा इमारतींची दुरुस्ती करणारे मंडळ स्थापन झाले. आता विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) या कलमाखाली रहिवाशाला किमान ३०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते; गळक्या छपराखाली पिढ्या काढलेल्या कुटुंबाचा तो हक्कच आहे, आणि जुन्या चाळींच्या मोहापायी त्याला विरोध करणे अन्यायाचे होईल. परंतु हे कलम बिऱ्हाडे मोजते, चौक मोजत नाही. नव्या इमारतीत चौकाच्या जागी वाहनतळाचे मजले येतात, बोळाच्या तोंडाशी फाटक बसते, आणि वाडीचे नाव केवळ पाटीवर राहते. त्यातच ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो गिरगावात आली असून येथील जमिनीचा भाव तिच्यामुळे आणखी वाढेल.

पुनर्विकासाचा प्रस्ताव मंजूर करण्यापूर्वी प्रत्येक वाडीतील बोळ आणि चौक मोजून नकाशावर स्वतंत्रपणे नोंदवावेत, आणि तेवढीच जागा नव्या आराखड्यात तळमजल्यावर, जाण्या-येण्यास खुली ठेवण्याची अट घालावी. खाडिलकर मार्गावर आणि फणसवाडीत ज्या चाळी अजून उभ्या आहेत, तेथे ही मोजणी आजही करता येण्यासारखी आहे.