चढू द्या की पोरांना!

आपल्याकडे लहान मुलाला सर्वांत जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य कोणतं? माझ्या मते, "उतर खाली, पडशील!" चिंचेचं झाड असो, शाळेचं कुंपण असो की गोठ्याचा पत्रा, पोरगं दोन हात वर गेलं की खालून कुणीतरी ओरडलंच म्हणून समजा. मास्तरकीच्या चौतीस वर्षांत हे वाक्य रोज कानावर पडायचं.

आणि गंमत बघा मंडळी, हेच चढणं आता ऑलिंपिकमध्ये जाऊन बसलंय! टोकियोचं २०२० चं ऑलिंपिक कोरोनामुळे २०२१ साली भरलं, त्यात 'स्पोर्ट क्लाइंबिंग' पहिल्यांदा आलं. कृत्रिम भिंतीवर रंगीबेरंगी खुंट्या नि उंचवटे बसवलेले असतात, ते धरून वर जायचं. प्रकार तीन. 'बोल्डरिंग'मध्ये भिंत चार-साडेचार मीटरची, दोर नाही, खाली जाड गाद्या. 'लीड'मध्ये भिंत उंच, कमरेला दोर, सहा मिनिटांत जो जास्त वर पोचेल तो जिंकला. आणि 'स्पीड' म्हणजे पंधरा मीटरची भिंत, शेजारी शेजारी दोघं, सरळ शर्यत.

हे काही परदेशातलंच कौतुक नाही बरं का. मे २०१६ मध्ये आणि पुन्हा जून २०१७ मध्ये बोल्डरिंगची विश्वचषक मालिका आपल्या नवी मुंबईत, वाशीला आली होती. त्यामागे मुंबईच्या 'गिरिविहार' या जुन्या गिर्यारोहण संस्थेची मोठी मेहनत होती. ही मंडळी त्याआधी कित्येक वर्षं बेलापूरच्या टेकडीवर, साध्या नैसर्गिक दगडांवर स्पर्धा भरवत होती. २०१६ साली वाशीत महिलांमध्ये पहिली आली ती जपानची मिहो नोनाका. पुढे टोकियोत तिनेच रौप्यपदक मिळवलं. म्हणजे ऑलिंपिकची पदकविजेती आपल्या अंगणात येऊन खेळून गेली, आणि आपल्यापैकी किती जणांना पत्ता होता? क्रिकेटचा साधा सराव सामना असता तर गल्लीगल्लीत चर्चा झाली असती. असो.

मला या खेळात शिक्षक म्हणून दोन गोष्टी फार आवडल्या. एक म्हणजे खेळाडूला भिंत आधी दाखवत नाहीत. सगळ्यांना वेगळ्या खोलीत ठेवतात. आपल्या मराठीच्या पेपरात अपठित उतारा असतो ना, तसंच! मग ठरलेली काही मिनिटं सगळ्यांना एकत्र भिंत न्याहाळायला मिळते, आणि तेव्हा प्रतिस्पर्धीच एकमेकांशी बोलतात, हवेत हात फिरवून "इथे डावा की उजवा?" अशी चर्चा करतात. दुसरी गोष्ट, बोल्डरिंगमध्ये पडलं तरी वेळ संपेपर्यंत पुन्हा चढता येतं. जास्त प्रयत्न लागले तर गुण किंचित कमी, एवढंच. पडणं हा नापासाचा शिक्का नाही, तो खेळाचाच भाग. आमच्या परीक्षांना हे कधी जमलं नाही.

आता माझं खरं म्हणणं सांगतो. आमचं बेल्हे जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, बऱ्यापैकी सपाटीवर. पण पश्चिमेला नजर टाका. शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन! हडसरची खुंटीची वाट, चावंडच्या इंग्रजांनी फोडलेल्या पायऱ्या, आणि जीवधनाला चिकटून उभा असलेला तीनशे फुटांहून उंच वानरलिंगीचा सुळका. पुण्या-मुंबईचे गिर्यारोहक दोर घेऊन तिथे येतात. त्या पायथ्याच्या वाड्या-वस्त्यांतली पोरं मात्र गुरांमागे अनवाणी कडे चढत मोठी होतात. त्यांच्या बोटांतली ताकद नि तोल कुणी मोजलाय का? सरावाच्या भिंती शहरात. पुण्यात शिवाजीनगरला राजे शिवाजी भिंत आहे, चांगलंच आहे. पण घाटघरच्या पोरीने सरावाला रोज शिवाजीनगरला जायचं कसं?

स्पीडची एक गोष्ट तर फार विचार करण्यासारखी आहे. त्या भिंतीवरच्या खुंट्यांची मांडणी जगभर एकच असते. टोकियोत तीच, पॅरिसमध्ये तीच. उद्या जुन्नरला भिंत बांधली तर तिथलं पोरगं हुबेहूब ऑलिंपिकच्याच वाटेवर सराव करील! २०२४ साली पॅरिसमध्ये इंडोनेशियाचा वेद्रिक लिओनार्दो ४.७५ सेकंदांत वर पोचला, चीनचा खेळाडू ४.७७ मध्ये. बॅडमिंटन सोडून दुसऱ्या खेळातलं इंडोनेशियाचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. आपल्यासारखाच आशियाई देश. त्यांना जमतं, मग आपल्याला का जमू नये?

काही जण म्हणतील, "मास्तर, शाळेत धड कबड्डीचं मैदान नाही आणि तुम्ही भिंती कसल्या मागता?" मुद्दा खरा आहे. पण मैदानाला जागा लागते, बोल्डरिंगच्या भिंतीला एका वर्गखोलीएवढी जागा पुरे. प्रत्येक शाळेत नको, तालुक्यात एक तरी असावी. गाद्या चांगल्या हव्यात आणि शिकवणारा जाणकार हवा, त्यात काटकसर करू नये.

दुसरे म्हणतील, "पोरगं पडलं तर?" अहो, पोरं चढायची थांबणार आहेत का? आज ती विहिरीच्या कठड्यावर नि पाण्याच्या टाकीवर चढतात, हल्ली तर मोबाईलवर फोटो काढायला गडाच्या बुरुजावरही. तिथे ना दोर, ना गादी, ना सांगणारं कुणी. भिंत नसणं हे भिंत असण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मुलींचं तर विचारूच नका. हिरकणीची गोष्ट आपण हौसेने सांगतो, आणि घरातली पोर पेरूच्या झाडावर दिसली की आधी तिचे कपडे आणि मग तिचं लग्न आठवतं!

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी जे गावी येऊन-जाऊन असतात, ज्यांचा शाळेच्या समितीशी, पंचायतीशी संबंध आहे, त्यांनी हा विषय एकदा बैठकीत काढावा. माजी विद्यार्थी शाळेला कमान नाहीतर घड्याळ देतात, त्याऐवजी यंदा भिंतीचा विचार करा. पदक येईल न येईल, निदान सुरक्षितपणे पडून पुन्हा उठायला तरी पोरं शिकतील.