कोणाचं मत कुठे पडलं?

आमच्या कऱ्हाटीच्या शेजारचं सुपे. १२ मे १८७५ ला तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली आणि दख्खनचे दंगे पेटले. जमिनीचा तो प्रश्न १९०१ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात वेगळ्या रूपात आला. सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन पुन्हा कसायला देताना ती विकण्याचा, गहाण टाकण्याचा हक्क ठेवायचा नाही, असं विधेयक होतं. सावकारापासून रयतेला वाचवतो, असं सरकार सांगत होतं. पण दुष्काळाने सारा कुठून भरावा हेच लोकांना कळत नव्हतं. अशा माणसाची पतही जाणार होती. फिरोजशहा मेहतांची विधेयक लांबणीवर टाकण्याची सूचना फेटाळली गेली, तेव्हा ते, गोपाळ कृष्ण गोखले आणि काही सहकारी सभागृहातून उठून गेले.

नुसता हजेरीपट पाहिला तर गोखले त्या मतदानाला गैरहजर. मला मात्र ती गैरहजेरी हेच त्यांचं मत वाटतं.

हेच गोखले १९१२ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक हरणार हे ठाऊक असून मतदानापर्यंत ठाम राहिले. बाजूने १३, विरुद्ध ३८. हरले, पण आकडा राहिला.

अमेरिकेच्या राज्यघटनेत तर उपस्थितांपैकी एक पंचमांश सदस्यांनी मागणी केली की प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदवावंच लागतं. त्यामुळे तिथे १७९० च्या सुमाराचा प्रतिनिधीसुद्धा कोणत्या मतदानाला हजर होता, कोणत्या बाजूने होता, हे आज काढता येतं.

आपल्याकडे खासदाराची हजेरी टक्क्यांत छापून येते. मत मात्र बहुतेक वेळा ‘होय’च्या गजरात विरून जातं. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत शेतीची दोन विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधक मतविभागणी, म्हणजे नावानिशी मतमोजणी, मागत होते. ते जागेवर नव्हते, असं पीठासीन अधिकाऱ्यांचं म्हणणं. खरंखोटं काहीही असो, कोण बाजूने आणि कोण विरुद्ध, ही यादी शेतकऱ्याच्या हाती आलीच नाही. पुढच्या वर्षी ते कायदे मागे घेतले, तेही आवाजीच.

मतदाराचं मत गुप्त असावं, हे योग्यच. पण त्याने निवडून दिलेल्याचं गुप्त का? घटनादुरुस्तीला मतविभागणी करावीच लागते. जमीन, पाणी आणि शेतमालाच्या प्रत्येक कायद्याच्या शेवटच्या मतदानालाही ती सक्तीची करावी, आणि नावांची यादी त्याच दिवशी मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी.