होडीचे रूपक आणि होडीची दुरुस्ती

मराठीच्या वर्गात होडी कधी गळत नाही. ती जीवन असते, देह असते, गुरुकृपा असते. भवसागर पार करून देणे एवढेच तिचे काम. तिच्या फळ्यांचे सांधे कशाने बुजवले, फाटलेले शीड कोणी शिवले, हे प्रश्न आपण 'साहित्यबाह्य' ठरवून टाकले आहेत. या ठरवण्यामागे रसिकता कमी आणि आळशी वाचन अधिक आहे, शिवाय हाताने केलेल्या कामाविषयीची जुनी तुच्छताही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुरावा दूर शोधायला नको. अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, हा समुद्र नसलेला जिल्हा. पण याच जिल्ह्यात नेवाशाला, प्रवरेकाठी, शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या सातव्या अध्यायातील मायानदीच्या प्रदीर्घ रूपकात काही जण वेदत्रयाच्या सांगडीवर, अहंभावाचे धोंडे बरोबर घेऊन निघतात आणि मदरूपी माशाच्या तोंडी सगळेच्या सगळे जातात. सांगडीने 'काय सूचित होते' हे पदव्युत्तर वर्गातील कोणीही सांगेल. पण सांगड म्हणजे दोन होड्या, ओंडके किंवा भोपळे एकत्र बांधून केलेले तरून जाण्याचे साधन, हे किती जण सांगतील? आणि 'परंपरा व नवता यांची सांगड' तर आपण रोज घालत असतो! सांगड तरते ती हलकेपणावर. तिच्यावर धोंडे लादून निघण्यातला वेडेपणा ती वस्तू ठाऊक असलेल्यालाच तत्काळ जाणवतो. वस्तू हरवली की रूपकाची धारही जाते.

सागरप्रवासाच्या वृत्तांतांनाही आपण असेच 'साहसकथा' म्हणून कपाटात ढकलतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'सुहेली' या, मुंबईत सागवानात बांधलेल्या ३२ फुटी नौकेतून. अटलांटिकमध्ये पाणी आत येऊ लागले तेव्हा ते स्वतः नौकेखाली उतरले. फटीत ठासलेला कापूस टिकेना, म्हणून त्यांनी वर कापडाची पट्टी ठोकली आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा बसवला. ही नुसती हिंमत आहे काय? पाणी नौकेच्या तळाशी साचते, पण ते शिरते भलतीकडेच. दिसणाऱ्या दोषावरून न दिसणाऱ्या कारणाकडे जाणे, पहिला तर्क फसला की दुसरा बांधणे, याला आपण ग्रंथांच्या बाबतीत पाठचिकित्सा म्हणतो आणि त्यासाठी पदव्या देतो.

अभिलाष टॉमी यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत त्यांच्या नौकेची वाऱ्यावर चालणारी सुकाणूयंत्रणा बिघडली, तेव्हा तिचे पाते करण्यासाठी त्यांनी नौकेच्या शौचालयाचे दार कापले. बाहेरची मदत घेतली तर मूळ शर्यतीतून बाद, असा तेथील नियम. ते दुसरे आले. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून तो मान मिळवणारे पहिले भारतीय होण्याआधी, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ती नौका बांधली जात असताना तिच्यावर लक्ष ठेवले होते. भर समुद्रात कारागीर बोलावता येत नाही. नाविकालाच कारागीर व्हावे लागते. आपण मात्र नाविकाचा सत्कार करतो आणि कारागिराचे नाव विचारत नाही. ही विभागणी कोठून आली, हे जातिव्यवस्थेच्या देशात वेगळे सांगायला हवे काय?

यावर आक्षेप ठरलेला आहे: साहित्याच्या वर्गाची यंत्रशाळा करायची का? मुळीच नाही. पण त्या वर्गातल्या शेवटच्या बाकांवर सुतारांची, लोहारांची, गॅरेज चालवणाऱ्यांची मुले बसलेली असतात. शब्दकोशात आपण ज्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकतो तो शब्द त्यांच्या घरात रोज उच्चारला जात असतो. ते ज्ञान दाराबाहेर ठेवूनच त्यांनी आत यावे, अशी व्यवस्था आपण केली आहे. यात नुकसान त्यांचे आहेच, पण अर्थ लावण्याचा ज्यांचा व्यवसाय, त्या आपले ते अधिक आहे.

म्हणून मागणी साधी आहे. होडी कशाचे प्रतीक आहे, हे विचारण्यापूर्वी ती कशी बांधतात, कोठे गळते आणि कोण दुरुस्त करते, हे विचारले जावे. उत्तर शिक्षकाला येत नसेल तर ते शेवटच्या बाकावरून येऊ द्यावे.