ताटलीतली पाच वांगी

इंग्लंडमधल्या एखाद्या गावच्या भाजी-प्रदर्शनाच्या नियमपत्रिकेत ‘गाजरे, तीन’ असे छापलेले असावे आणि कोणी चार ठेवावीत. ती चार कितीही देखणी असोत, परीक्षक त्यांना गुण देत नाहीत. कार्डावर ‘नियमपत्रिकेनुसार नाही’ असा शेरा पडतो आणि विषय संपतो. सहा महिने राबलेल्या माणसाला हे फार लागत असणार. पण अशाच कडक शिस्तीतून तिकडच्या विणकरांनी आणि खाणकामगारांनी सव्वादोनशे वर्षांत बागकामाची एक अस्सल विद्या उभी केली. घरच्या भाजीची चारचौघांत, नियमाने, नि:पक्षपातीपणे परीक्षा व्हावी, ही त्यामागची कल्पना आपल्याकडच्या परसबागांनी आणि गच्चीवरच्या वाफ्यांनी मनावर घेण्यासारखी आहे.

या प्रकाराची एक जुनी शाखा फळाची आहे. अठराव्या शतकात मँचेस्टरच्या आसपासचे हातमागावरचे विणकर घरालगतच्या तुकड्यात गूसबेरी लावत. हे काटेरी झुडपावर येणारे आंबट फळ. कोणाचे फळ जास्त भरते यावर चुरस लागली, मंडळे निघाली, आणि कुठे, कोणाचे, कोणत्या जातीचे फळ किती वजनाचे झाले याची छापील नोंदवही दरवर्षी प्रसिद्ध होऊ लागली. एकट्या १८४५ मध्ये अशी १७१ प्रदर्शने भरली. पुढे चार्ल्स डार्विन यांनी पाळीव प्राणी आणि लागवडीखालच्या वनस्पतींवरच्या १८६८ च्या ग्रंथात या स्पर्धांचे आकडे मांडले. रानटी गूसबेरी साधारण पावणेआठ ग्रॅमची. १७८६ च्या सुमारास प्रदर्शनातले फळ तिच्या दुप्पट झाले होते, १८१७ मध्ये ते ४१ ग्रॅमच्या पुढे गेले आणि १८५२ मध्ये ‘लंडन’ नावाच्या जातीचे फळ ५८ ग्रॅम भरले, म्हणजे रानटी फळाच्या सात-आठ पट. निवड आणि निगा मिळून वनस्पतीत किती बदल घडवतात, याचा पुरावा त्या काळच्या सर्वांत मोठ्या निसर्गशास्त्रज्ञाला हातमागावरच्या माणसांनी दिला. त्यांनी तराजू चोख ठेवला आणि आकडे लिहून ठेवले, म्हणून हे शक्य झाले.

यॉर्कशरमधल्या एग्टन ब्रिज या छोट्या गावातली गूसबेरी स्पर्धा १८०० मध्ये सुरू झाली. ती आजही ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी भरते. २०१९ मध्ये तिथे ६४.८३ ग्रॅमच्या फळाने जागतिक विक्रम केला. १८५२ पर्यंत फळ कित्येक पटींनी वाढले आणि नंतरच्या १६७ वर्षांत वाढले जेमतेम सात ग्रॅम. एकेका ग्रॅमसाठी पिढ्यान्‌पिढ्या माणसे झुडपांपाशी बसली आहेत, ही गोष्ट थोर आहे.

भाज्यांमध्ये हेच वेड ईशान्य इंग्लंडमध्ये, नॉर्थम्बरलँड आणि डरमच्या कोळसा-पट्ट्यात रुजले. तिथला नायक म्हणजे लीक, ही कांद्याच्या कुळातली भाजी. दिवसभर जमिनीखाली अंधारात काम करणारे खाणकामगार वर आले की आपापल्या वाफ्याकडे वळत. १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तिथे भाडेपट्टीने लागवडीचे तुकडे देणे स्थानिक संस्थांना बंधनकारक केले. अशा तुकड्याचे रूढ माप सुमारे २५० चौरस मीटर, आपल्या हिशेबाने अडीच गुंठे. त्या अडीच गुंठ्यांत घरची भाजी निघे आणि एका कोपऱ्यात, खास जपलेल्या मातीत, प्रदर्शनाची लीक वाढे. तिची एक जात बुटकी आणि भरदार. पांढरा दांडा सहा इंचांपेक्षा उंच झाला की ती त्या वर्गातून बाद. दांड्याची लांबी आणि घेर मोजून घनफळ काढतात आणि घनइंचांवर निकाल लागतो. कामगारांच्या क्लबांमधल्या या स्पर्धांना रोख रकमा आणि घरगुती सामानाची बक्षिसे असत, त्यामुळे मत्सरही असे. रात्री प्रतिस्पर्ध्याच्या वाफ्यात शिरून लीक कापून टाकण्याचे प्रकार घडले आणि स्पर्धेच्या आधी माणसे वाफ्यावर रात्रभर पहारा देत बसली. विकत आणलेला माल कोणी आपला म्हणून मांडू नये यासाठीही तोड निघाली. मंडळाची माणसे स्पर्धेच्या आधी वाफ्यावाफ्यावर जाऊन लीकच्या पानांवर शिक्का मारून येत.

या लीकची रोपे बियाण्याच्या पाकिटातून येत नाहीत. उत्तम निघालेली लीक पुन्हा लावून फुलोऱ्यावर आणतात. फुलोऱ्यातली फुले कातरली की त्या जागी बारीक गड्ड्या किंवा गवती फुटवे येतात. ते वेगळे करून डिसेंबर-जानेवारीत उबेला लावायचे. म्हणजे दरवर्षीची रोपे ही गेल्या वर्षीच्या विजेत्याचीच हुबेहूब संतती. ती मित्रांना दिली जातात, घरात वारशाने चालतात. खाणी बंद पडल्या, वस्त्या विरळ झाल्या, तरी काही घराण्यांची लीक अजून टिकून आहे.

कसबाची खरी कमाल पाहायची तर लांब गाजरांकडे पाहावे. मोठे पिंप वाळूने भरतात. त्यात पहारीने शंकूच्या आकाराचे खोल भोक पाडतात, पहार गोल गोल फिरवत. त्या भोकात बारीक चाळलेले खतमातीचे मिश्रण ओततात, वर तीन-चार बिया टाकतात आणि उगवल्यावर एकच रोप ठेवतात. मिश्रणात एक खडा राहिला तर गाजराला फाटा फुटणार, म्हणून चाळणीवर सगळी भिस्त. गाजर जमिनीवर डोके काढू लागले की त्यावर माती ओढायची, नाहीतर खांदे हिरवे पडतात. काढताना पिंपात भरपूर पाणी सोडायचे आणि शेपटीचा दोऱ्याएवढा शेंडाही न तुटू देता ते हळूच वर घ्यायचे. मग ओल्या स्पंजाने आडवे पुसायचे, उभे पुसले तर ओरखडे दिसतात.

वाटाण्याच्या शेंगेला तर बोटही लावत नाहीत. तिच्यावर मेणचट, धुरकट लव असते. ती पुसली गेली की गुण गेले. म्हणून देठ धरून कात्रीने कापायची आणि उजेडासमोर धरून आत दाणे सलग भरलेत का, अळी आहे का, ते पाहायचे. परीक्षकही नुसते वरून बघून निकाल देत नाहीत. वाटाण्याची शेंग उघडतात, श्रावणघेवड्याची मोडून ऐकतात. ताजी शेंग कट्‌कन तुटते. लागवडीला अवघड भाजी असेल तर तिला जास्त गुण, सोपीला कमी. मुळ्याला आणि कांद्याला एकाच मापाने मोजत नाहीत.

वर्तमानपत्रांत फोटो छापून येतात ते मात्र राक्षसी भाज्यांचे. २०२३ मध्ये हॅरोगेटच्या शरद-प्रदर्शनात ८.९७ किलोचा एक कांदा आला आणि जगभर गाजला. त्यामागचे कष्ट खरेच, पण असा कांदा हिवाळ्यात कृत्रिम उजेडाखाली उगवून, उबदार घरात महिनोन्‌महिने पोसून काढावा लागतो, आणि त्यात पैसा ओतावा लागतो. आपल्याला शिकायचे ते या कांद्यापासून नव्हे. शिकायचे ते शेजारच्या टेबलावर ताटलीत मांडलेल्या एकसारख्या, निरोगी, ताज्या अशा तीन किंवा पाच नगांच्या संचापासून. एक मोठे वांगे दैवानेही येते; एका रंगाची, एका मापाची, एकाच दिवशी तयार झालेली पाच वांगी आणायला पाणी, खत, छाटणी आणि तोडणीची वेळ या सगळ्यांवर हात बसलेला असावा लागतो.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. बाजाराच्या एकसारखेपणाच्या हट्टापायी वाकडी काकडी आणि डागाळलेला टोमॅटो वाया जातो, मग घरच्या बागेतही तोच हट्ट कशाला? बाजारात नाकारलेल्या मालाचा तोटा शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. घरच्या वाफ्यात ताटलीसाठी पाच नग निवडले की उरलेले पन्नास त्याच घराच्या आणि शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात जातात. शिवाय नियमपत्रिका आपण लिहिणार आहोत. तिच्यात चवीला, देशी वाणाला, रसायनाशिवाय पिकवल्याला गुण ठेवण्यापासून कोणी अडवलेले नाही.

निवडलेल्या उत्तम फळाचे पुढे काय करायचे, याबद्दल गोव्यातली एक गोष्ट आहे. माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर ती आवर्जून सांगत. त्यांच्या पर्रा गावची कलिंगडे प्रसिद्ध. हंगाम संपला की शेतकरी मुलांसाठी कलिंगड खाण्याची स्पर्धा ठेवत आणि त्यासाठी सर्वांत मोठी, उत्तम फळे कापत. अट एकच, बिया चावायच्या नाहीत, भांड्यात टाकायच्या. पुढची लागवड त्याच बियांवर होई. नंतरच्या पिढीने मोठी फळे चढ्या भावाने बाजारात विकायला सुरुवात केली, मुलांपुढे लहान फळे आली, बी लहान फळांचे राहिले आणि काही वर्षांतच पर्ऱ्याची मोठी कलिंगडे गेली. लीकवाल्या खाणकामगाराला ही गोष्ट ऐकताक्षणी कळली असती.

गोव्यातच चतुर्थीला गणपतीवर माटोळी बांधतात. सुपारीची शिपटी, नारळ, केळ्यांचे घड, चिबूड, तवशी, कवंडळ आणि रानातून शोधून आणलेली कितीतरी फळेपाने लाकडी चौकटीला लटकवतात. राज्याचे कला आणि संस्कृती संचालनालय या माटोळ्यांची स्पर्धा घेते. तिथे कस लागतो तो विविधतेचा, आणि कोणते फळ कुठल्या डोंगरावर कधी मिळते या माहितीचा. श्रावण-भाद्रपदातल्या हिरवाईची इतकी सुंदर तपासणी दुसरीकडे क्वचितच होत असेल. म्हणजे भाजीची स्पर्धा ही कल्पना आपल्याला परकी नाही.

महाराष्ट्रातही पाया तयार आहे. पुण्याचे एम्प्रेस गार्डन जिच्याकडे आहे ती ॲग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया १८३० ची. तिचे पुष्पप्रदर्शन पुणेकरांच्या जानेवारीचा भाग आहे. मुंबईत राणीच्या बागेत महापालिकेच्या उद्यान प्रदर्शनाला लोटणारी गर्दी सर्वांनी पाहिली आहे. तिथे कुंड्यांतली वांगी-मिरचीची झाडेही असतात, पण रांगा लागतात त्या फुलांनी मढवलेल्या मोठाल्या प्रतिकृतींपुढे, सेल्फीसाठी. त्या प्रतिकृती पाहून घरी जाऊन काही लावावेसे वाटत नाही. शेजारच्या बाईंनी बाराव्या मजल्याच्या गॅलरीत पिकवलेली पाच वांगी पाहून मात्र वाटते, आणि त्यांना विचारताही येते. ग्रामीण भागात उमेद अभियानाने बचत गटांतल्या महिलांसाठी पोषण परसबागांची मोहीम राबवली, शालेय पोषण आहाराशी जोडून शाळांच्या परसबागांच्या स्पर्धाही होतात. यांत बाग तपासली जाते, ते चांगलेच. पण मुलांनी स्वतःच्या हाताने पिकवलेला मुळा ताटलीत मांडावा, परीक्षकाने तो कापून दाखवावा आणि पोकळ का निघाला हे त्यांना तिथल्या तिथे सांगावे, ही पायरी अजून गाठायची आहे.

अनुभव मोकळेपणाने वाटून घेण्याची परंपराही इथे आहे. कोल्हापूरचे गणिताचे अध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून द्राक्षबागायतदारांना स्वतः निरीक्षण करायला, नोंदी ठेवायला आणि त्या एकमेकांना द्यायला शिकवले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बी जपले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडच्या वालांचे नुसते रंग पाहिले तरी प्रदर्शनाचे एक टेबल भरेल.

मग प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने, ग्रामपंचायतीने, शाळेने एक साधी नियमपत्रिका करावी. वांगी पाच, एकाच वाणाची, देठासह. वालाच्या शेंगा नऊ. मुळे तीन, पाल्यासह. मिरच्या दहा. मेथीची एक जुडी, मुळांसह. देशी वाणाला वेगळा वर्ग, आणि त्यात भाग घेणाऱ्याने मूठभर बी सोबत ठेवायचे, प्रदर्शन संपल्यावर वाटायला. स्पर्धेच्या आधी समितीने कुंड्या-वाफे पाहून यायचे, म्हणजे मंडईतला माल मधे घुसणार नाही. वांग्याचे परीक्षण करताना साल चकचकीत हवी. निस्तेज पडली की फळ जून झाले, आत बी करडे आणि कडक. देठाजवळ किंवा पोटावर बारीकसे भोक दिसते का पाहायचे आणि पाचांतले एक उभे चिरायचे, कारण फळ पोखरणारी अळी वरून कळतेच असे नाही. चिरलेले वांगे सर्वांना दाखवायचे. निकालाच्या कार्डावर गुणांबरोबर कारणही लिहायचे.

थंडीतल्या भाज्यांचे प्रदर्शन जानेवारीत भरवायचे तर वांग्याचे बी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वाफ्यात पडले पाहिजे. महिन्या-सव्वा महिन्यात रोप लावणीला येते आणि त्यानंतर साधारण दोन-अडीच महिन्यांनी तोडणी सुरू होते. म्हणून नियमपत्रिका यंदाच्या गणेशोत्सवातच, आरतीला सगळे जमतात तेव्हा, मंडपात लावलेली असावी.