विश्लेषण : गाडीत स्वतःच ‘ॲम्बियंट लायटिंग’ बसवताना धोका नेमका कुठे?

लहान मोटारींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला आणि पहिली गाडी घेऊ पाहणाऱ्यांचे गणित थोडे सोपे झाले. यातील अनेकांची उडी बेस किंवा मधल्या व्हेरियंटपर्यंतच असते. डॅशबोर्डच्या कडेने, पायाशी, दारावर मंद रंगीत उजेड देणारी ‘ॲम्बियंट लायटिंग’ मात्र कंपन्या सहसा वरच्या व्हेरियंटसाठी राखून ठेवतात. मग काहीशे रुपयांचे किट ऑनलाइन मागवायचे आणि व्हिडीओ पाहत रविवारच्या दुपारी अंगणातच काम उरकायचे, हा मार्ग उरतो. वर्ध्यात एमएच-३२ पाटीच्या नव्या गाडीत हा उद्योग करणाऱ्याने तीन गोष्टी आधी तपासायला हव्यात : वीज कुठून घेतली, वायर कुठून नेली आणि उजेड बाहेर दिसतो का.

किटमध्ये असते काय?

बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला, सीटखाली आणि पायाशी चिकटवायच्या चार एलईडी पट्ट्या. दुसरा, डॅशबोर्डच्या फटीत दाबून बसवायची बारीक फायबर ऑप्टिक दोरी. दोरीच्या टोकाला एकच छोटा एलईडी असतो, त्यामुळे ती वीज फारच कमी खाते. पट्ट्यांचे तसे नाही. घराच्या पीओपीत वापरली जाणारी मीटरला ६० एलईडींची रंगीत पट्टी मीटरमागे साधारण १४ वॉट घेते. तिचे पाच मीटरचे अख्खे रीळ गाडीत लावले तर ७० वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर जवळपास ६ ॲम्पिअर झाले. गाडीसाठीच्या छोट्या किटपेक्षा हा भार कितीतरी जास्त आहे. स्वस्त पडते म्हणून घरची पट्टी गाडीत लावणे इथेच अंगाशी येते.

वीज कुठून घ्यायची?

सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे १२ व्होल्टचे सॉकेट किंवा यूएसबी पोर्ट. प्लग काढला की विषय संपला. दिसायला वायर लोंबते, एवढीच तक्रार. ती नको म्हणून फ्यूज बॉक्समधून किंवा छताच्या दिव्यातून जोडणी घेतली जाते आणि खरी गडबड तिथे सुरू होते.

फ्यूज हा दिव्याच्या नव्हे, तर वायरच्या रक्षणासाठी असतो, हे बहुतेक व्हिडीओंत सांगितलेच जात नाही. समजा सॉकेटच्या सर्किटला १५ ॲम्पिअरचा फ्यूज आहे. कंपनीची वायर त्या हिशेबाने जाड आहे. किटची वायर मात्र केसासारखी, ४-५ ॲम्पिअरपुढे तापणारी. ती सीटच्या रुळात चेपून शॉर्ट झाली आणि १० ॲम्पिअर प्रवाह वाहू लागला, तर १५ ॲम्पिअरचा फ्यूज उडणारच नाही. वायरच तापत जाईल, तीही कार्पेटखाली. म्हणून जोडणी जिथून घेतली तिथेच, अगदी जवळ, किटसाठी वेगळा २ किंवा ३ ॲम्पिअरचा फ्यूज लागतो. ‘फ्यूज टॅप’ नावाचा छोटा तुकडा हे काम करतो. वायर सोलून, पिळून त्यावर काळी टेप गुंडाळणे हा त्याचा पर्याय नाही.

नव्या गाड्यांत छताच्या दिव्यासारखी साधी गोष्टसुद्धा ‘बॉडी कंट्रोल मॉड्यूल’ हा छोटा संगणक चालवतो. त्याच्या वायरवर जादा भार टाकला तर दिवा नव्हे, मॉड्यूलच जाऊ शकते.

दुसरा मुद्दा बॅटरीचा. किट ‘कायम चालू’ वायरला जोडले तर दिवे बंद असतानाही त्याचा ब्लूटूथ कंट्रोलर जागा राहतो. तो ५० मिलिॲम्पिअर घेत असेल तर दिवसाला १.२ ॲम्पिअर-अवर जातात. दिवाळीत गाडी घरी ठेवून कुटुंब रेल्वेने दहा दिवस पुण्याला गेले, तर ३५ ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीतील एक तृतीयांश भाग नुसत्या कंट्रोलरने संपवला. गाडीच्या स्वतःच्या यंत्रणेचा खर्च वेगळाच. यावर उपाय म्हणजे चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजवरून जोडणी घेणे. शंभर-दोनशे रुपयांच्या मल्टिमीटरने तो फ्यूज शोधता येतो.

व्हिडीओतील गाडी आणि दारातील गाडी

या सगळ्यापेक्षा गंभीर भाग एअरबॅगचा आहे आणि तो अलीकडचा आहे. पुढच्या प्रवाशासाठीची एअरबॅग जुन्या मॉडेलनाही ३१ डिसेंबर २०२१ नंतर बंधनकारक झाली. सहा एअरबॅगची सक्ती केंद्राने आधी पुढे ढकलली आणि नंतर सोडून दिली, पण बाजारानेच ते काम केले. मारुती सुझुकीने मे २०२५ मध्ये अल्टो के-१०, सेलेरिओ, वॅगनआर आणि ईको या गाड्यांच्या सर्व व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग देण्यास सुरुवात केली.

याचा अर्थ असा, की तीन-चार वर्षांपूर्वीच्या वॅगनआरवर चित्रित झालेला व्हिडीओ आजच्या वॅगनआरला लागू नाही. बाहेरून गाडी तीच दिसते. आत मात्र ज्या खांबाचे प्लास्टिक व्हिडीओतला तरुण ‘फक्त ओढा, निघून येईल’ म्हणत उचकटतो, त्याच्या मागे आता ‘कर्टन एअरबॅग’ गुंडाळून बसवलेली असू शकते. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबापासून ती छताच्या कडेने मागेपर्यंत जाते.

ही पिशवी साधारण ३० मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवण्याच्या आत उघडते. उघडताना खांबाचे आवरण ठरावीक जागी सुटावे किंवा वाकावे, अशी रचना असते. तिथून वायर नेली, झिपटायने आवळली किंवा कंट्रोलरची डबी कोंबली तर पिशवीची वाट अडते, आणि सुटी झालेली डबी प्रवाशाच्या डोक्याच्या दिशेने फेकली जाऊ शकते. आवरणाच्या क्लिपाही अनेक गाड्यांत एकदाच वापरायच्या असतात. काढल्या की बदलाव्या लागतात. घरी बसवताना कोण बदलतो?

खांब टाळला तरी दोन जागा उरतात, आणि नेमक्या त्याच किटसाठी सर्वात लोकप्रिय आहेत. डॅशबोर्डवर डाव्या बाजूच्या प्रवाशापुढे एक चौकोनी रेघ दिसते. ती फट शोभेची नाही, एअरबॅगचे झाकण आहे. फायबर दोरी त्यात दाबणे किंवा त्यावरून पट्टी चिकटवणे टाळलेच पाहिजे. दुसरी जागा पुढच्या सीटखालची. सीटच्या बाहेरच्या बाजूला ‘साइड एअरबॅग’ असते आणि तिची वायर सीटखालूनच येते. पिवळा कनेक्टर किंवा पिवळे आवरण दिसले की ती एअरबॅगची वायर समजावी. ती हलवू नये, सोलू नये, मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्पही लावू नये. काम झाल्यावर मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा जळत राहिला तर गाडी थेट सर्व्हिस सेंटरला न्यावी. तो दिवा लागलेला असताना अपघात झाला, तर पिशवी उघडेलच असे नाही.

वर्ध्याचा मे महिना

परदेशी व्हिडीओंत न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ऊन. ॲरिझोनात २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात बाहेर ३८ अंशांहून अधिक तापमान असताना, उन्हात तासभर उभ्या गाडीच्या डॅशबोर्डचे तापमान सरासरी ६९ अंशांवर गेले होते. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणे नेहमीचेच. साध्या पीव्हीसी वायरचे आवरण ७० अंशांपर्यंतच्या वापरासाठी असते, गाड्यांसाठीची वायर सहसा १०५ अंशांची. किटसोबतची दुहेरी टेप तर त्याआधीच सुटते आणि पायाशी लावलेली पट्टी पेडलवर लोंबू लागते. चालकाच्या बाजूला नुसत्या टेपवर विसंबून राहणे म्हणजे ब्रेकखाली वायर येण्याची सोय करणे. पावसाळ्यात उंदीर कुरतडतात ते वेगळेच, आणि लोंबणारी वायर त्यांना आधी सापडते.

रात्री ‘समृद्धी’वर

जिल्ह्यातून समृद्धी महामार्गाचा सुमारे ५८ किलोमीटरचा पट्टा जातो. येळाकेळीहून चढून ताशी १२० किलोमीटरने निघालेली गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. बहुतेक पट्ट्यात आधार फक्त हेडलाइटचा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि आतील निळा-पांढरा झगमगाट ती सवय मोडतो. डॅशबोर्डवरील उजळ रेघ काचेत उमटली तर समोरचे बंद पडलेले वाहन दिसायला उशीर होतो. तांबूस किंवा नारिंगी रंगाचा मंद उजेड डोळ्यांना कमी त्रास देतो. बीएमडब्ल्यूने वर्षानुवर्षे डॅशबोर्डचे दिवे त्याच रंगाचे ठेवले. कंपनीने बसवलेली लायटिंग हेडलाइट लावताच मंद होते, ती यासाठीच. स्वस्त किटमध्ये हे काम हाताने करावे लागते, आणि गाण्याच्या तालावर लुकलुकणारा मोड तर महामार्गावर बंदच ठेवावा.

पोलिसांनी अडवले तर?

आतील दिवे लावणे हाच गुन्हा, असा समज चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात ते ठामपणे सांगितले. मात्र त्याच कलमात ‘बदल’ म्हणजे वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य बदलणारा रचनेतील फरक, असे स्पष्टीकरण आहे. पायाशी लावलेली पट्टी त्यात बसवणे कठीण.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०८ पुढे लाल आणि मागे लालखेरीज इतर रंगाचा उजेड दाखवायला मनाई करतो, पण वाहनाच्या अंतर्गत दिव्यांना त्यातून वगळतो. ही सूट आतल्या प्रकाशासाठी आहे. पट्टी मागच्या काचेला किंवा ग्रिलमध्ये लावून बाहेरच्यांना लाल-निळे लुकलुकणे दाखवले तर ती कामी येणार नाही. कलम १८२-अ (४) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. केरळ उच्च न्यायालयाने झगमगत्या दिव्यांच्या वाहनांवर हाच ‘प्रत्येक बदलामागे ५ हजार’चा हिशेब लावण्याचे आदेश दिले होते. तो आदेश महाराष्ट्राला बांधील नाही. कलम मात्र केंद्राचे आहे.

वॉरंटी आणि विमा

वायरिंग कापून केलेल्या कामामुळे बिघाड झाला तर कंपनी त्या भागाची वॉरंटी नाकारू शकते. शोरूममध्ये मिळणारी कंपनीची लायटिंग महाग असते, पण ती मूळ कपलरवर बसते आणि वायर कापावी लागत नाही. गाडी हप्त्यांवर असेल तर हा फरक मोजण्यासारखा आहे.

विम्यात बारकावा आहे. सर्वंकष पॉलिसीत आग आणि आपोआप पेट घेणे यांची भरपाई असते. निव्वळ विद्युत बिघाडाची नसते. म्हणजे मॉड्यूल जळाले तर खर्च स्वतःचा. गाडी पेटली तर दावा करता येतो, पण सर्व्हेअर वायरिंगकडे बोट दाखवणार, हे गृहीत धरावे. कंपनीने न बसवलेली इलेक्ट्रिक उपकरणे पॉलिसीत नोंदवता येतात. त्यासाठी सर्वसाधारणपणे किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम पडतो. हजार रुपयांच्या किटला ४० रुपये. नोंदीसाठी बिल लागते. ऑनलाइन किटचे ते ईमेलमध्ये असतेच, दुकानातून बसवून घेतल्यास मागून घ्यावे लागते.