दफनभूमीतील समता
जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. अशा लोकांत थॅडियस स्टीव्हन्स यांची गणना करावीच लागेल. प्रतिनिधिगृहातील जहाल रिपब्लिकनांचे हे नेते ११ ऑगस्ट १८६८ रोजी वॉशिंग्टनमध्ये निवर्तले. संसदभवनात त्यांचा देह दर्शनासाठी ठेवला गेला, तेव्हा भोवती पहारा होता तो कृष्णवर्णीय सैनिकांचा. त्यांची कबर मात्र राजधानीत नाही. पेनसिल्वेनियातील लँकेस्टर शहराच्या प्रतिष्ठित दफनभूमीतही नाही. तेथे नियमानेच केवळ गोऱ्यांना जागा मिळे. म्हणून स्टीव्हन्स यांनी वर्णाचा मज्जाव नसलेली एक लहानशी दफनभूमी निवडली. एकांताच्या आवडीने नव्हे, तर जन्मभर पुरस्कारिलेले समतेचे तत्त्व मरणातही दिसावे म्हणून आपण येथे विसावलो आहोत, या आशयाचा लेख त्यांच्या थडग्यावर कोरलेला आहे.

अशी निवड करण्याचे स्वातंत्र्य सर्वांच्या वाट्यास आले नाही. ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉन ब्राउन यांनी हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर हल्ला केला. २ डिसेंबरला त्यांना फाशी झाली, आणि त्यांचा देह पत्नीने नॉर्थ एल्बा येथील त्यांच्या शेतावर नेऊन पुरला. १६ डिसेंबरला त्यांचे चार साथी फासावर गेले. कुक आणि कॉपॉक या दोघा गोऱ्यांची प्रेते आप्तांना मिळाली; कोपलँड आणि ग्रीन या दोघा कृष्णवर्णीयांची प्रेते विच्छेदनासाठी विंचेस्टरच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेली. कोपलँडच्या आईबापांना, ते कृष्णवर्णीय म्हणून, व्हर्जिनियात पाऊल टाकण्याचीही मुभा नव्हती. त्यांच्या वतीने ओबर्लिनचे प्राध्यापक मन्रो गेले, पण विद्यार्थ्यांनी प्रेत देण्याचे साफ नाकारले. ब्राउन यांचा मुलगा वॉट्सन याचेही प्रेत तेथेच नेलेले होते, हे खरे. पण ते १८८२ मध्ये तरी बापाशेजारी पोहोचले. कोपलँड आणि ग्रीन यांच्या नावाचा दगड ओबर्लिनला आहे, त्याखाली माती आहे, देह नाही.

स्टीव्हन्स यांच्या थडग्याचे कौतुक करणारे बरेच आढळतात. त्यांची दुसरी मागणी मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. बंडखोर मळेवाल्यांच्या जमिनी जप्त करून मुक्त गुलामांच्या कुटुंबांना प्रत्येकी ४० एकर द्यावेत, असे विधेयक त्यांनी १८६७ मध्ये मांडले होते. गुलामगिरी कायद्याने नष्ट करण्यास जी अमेरिकन संसद तयार झाली, तिने ते मंजूर केले नाही.